कारभारीच्या समुद्राचं मावंदं

आयुष्यात एकदा तरी गावाच्या वेशीवर आपले पाय कुणी धुवावेत, एवढीच कारभारीची इच्छा होती. इच्छा तशी मोठी नव्हती. पण गाव लहान असलं, की लहान इच्छाही माणसाला फार उंचावर टांगलेली दिसते.

सोनाळ्याहून खाली उतरत आलं, की सातपुडा पाठीमागे निळा पडत जातो आणि जमीन सपाट, काळी, चिकट होत जाते. तिथं कारभारीचं गाव. गावात पाणी आहे, पण खारं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नवी सून आठवडाभर चहाच्या कपाकडे पाहून डोळे पुसते. या मातीत कारभारीनं जन्मभर वांगी पिकवली. वांगी नामी यायची. रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण निघालं, की आसपासच्या गावांतून कारभारीच्या वांग्यांना बोलावणं येई. मात्र वांगी घेताना लोक वांग्यांकडे पाहत, कारभारीकडे कुणी पाहत नसे. लग्नात पाहुणे मांडवात बसत आणि याला मागून हाक येई, "कारभारी, भाजीचं पाह्य बरं जरा." साठी आली, केस पिकले, तरी त्याची जागा भट्टीपाशीच राहिली.

पाय धुतले गेले होते ते नारायणरावांचे. नारायणराव एकदा बसनं रामेश्वर करून आले होते. आपल्याकडे मोठी यात्रा करून माणूस परतला, की सरळ घरात शिरत नाही. वेशीबाहेर थांबतो. भजनी मंडळी टाळ घेऊन सामोरी जाते, गावातली वडीलधारी बाई त्याचे पाय धुते, त्यानं आणलेल्या तीर्थाची पूजा होते, ते तीर्थ सगळ्यांच्या तळहातावर पडतं, आणि मग गावजेवण. याला मावंदं म्हणतात. नारायणरावांच्या मावंद्याला किती पावसाळे लोटले, पण त्यांच्या पायांचा तो ओलावा काही वाळला नाही. पारावर ते आले की लोक सरकून जागा देत. ते बोलू लागले की कोणत्याही विषयात समुद्र येई. सोयाबीनचा भाव पडला, तरी ते सुस्कारा सोडून म्हणत, "समुद्र पाह्यला ना, मंग असं वाटते, भाव काय चीज हाय."

अशा वेळी कारभारी पाराच्या कडेला उकिडवा बसून ऐके. त्याच्याकडे बोलण्यात आणायला वांग्याशिवाय काही नव्हतं.

आणि मग राजकुमारचा फोन आला.

राजकुमार हा कारभारीचा एकुलता मुलगा. शेगावात इंजिनिअर झाला, पुण्यात चिकटला, आणि तिथून कंपनीनं उचलून त्याला मलेशियात नेऊन ठेवलं. क्वालालंपूरच्या एका उंच इमारतीत, कबुतराच्या खुराड्याएवढ्या घरात, तो आणि त्याची बायको सुचिता राहत. फोनवर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आणि आई या महिनाभर. इथून एका बेटावर जाऊ. समुद्र, वाळू, नारळ. मस्त एन्जॉय करू."

कारभारीनं फोन खिशात ठेवला नाही. तसाच हातात धरून तो पारावर गेला.

"समुद्राले जाऊन राह्यलो," तो म्हणाला. "परदेशातल्या. राजकुमारनं समुद्रावरच बंगला घेतला."

बंगल्याचं त्यानं वाटेत ठरवलं होतं. घरापासून पारापर्यंतची वाट फार लांब नाही, पण एक बंगला बांधायला पुरते.

नारायणरावांनी पानाचा तोबरा गालात सरकवला. "काऊन बे कारभारी, खारं पाणी पाह्याले विमानात बसून चाल्ला? आपल्या बोअरीत काय कमी हाय?"

सगळा पार हसला. कारभारीलाही हसावं लागलं. हसली नाही ती एकटी रुक्मिणीबाई. ती शेजारच्या ओट्यावर वाती वळत बसली होती. गावातली सगळ्यात म्हातारी बाई तीच, आणि वेशीवर पाय धुण्याचा मानही तिचाच.

"समुद्र म्हंजे समुद्र," ती म्हणाली. "रामेश्वरचं पाणी काय खुट्याले बांधून ठेवलं हाय? तेबी हिंडते. कारभारी, बापा, माह्या नावानं एक डुबकी मारजो."

झालं. यात्रेला निघालेल्याच्या हाती सुपारी द्यायची आणि आपल्या नावाची डुबकी मागायची, ही जुनी रीत. ज्याला जाणं जमत नाही, त्याचं पाप असं दुसऱ्याच्या अंगावरून पाण्यात सोडलं जातं. दुसऱ्या दिवसापासून कारभारीच्या दारात सुपाऱ्या येऊ लागल्या. कुणी स्वतःसाठी दिली, कुणी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यासाठी. शेजारच्या उकंडरावानं तर बैलासाठी सुपारी आणली. बैलाला खरूज होती.

"बैलाच्या नावानं?" कारभारीची बायको पुष्पाबाई हिनं विचारलं.

"त्यानंबी जन्मभर कष्टच केले ना वहिनी," उकंडराव म्हणाला. "पाप नसन केलं त्यानं. पन खाज लय हाय."

कारभारीनं प्रत्येकाच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. "एकेकाचं नाव घेऊन डुबकी मारीन. मोठ्यानं नाव घेईन." नारायणरावांनी सुपारी दिली नाही. त्यांचं पाप रामेश्वरलाच फिटलं होतं, आणि त्यानंतर केलेलं ते मोजत नव्हते.

सुपाऱ्या फडक्यात बांधता बांधता पुष्पाबाई म्हणाली, "अहो, तुम्हाले पोहता तरी येते का?"

"डुबकीले पोहणं कायले लागते? खाली जायचं, वर यायचं."

"खाली जाता येते सगळ्यायले," पुष्पाबाई म्हणाली आणि गाठ मारली.

क्वालालंपूरला पोचल्यावर कळलं, की राजकुमारचा पगार परदेशी झाला होता, पण खर्च करणारा हात गावचाच राहिला होता. बेटावर विमानानं झटकन जाता येत होतं. राजकुमारनं रात्रीची बस धरली, आणि पुढं बोट. "बाबा, विमानातून काय दिसतं? ढग. बसमधून देश दिसतो," तो म्हणाला. रात्रीच्या बसमधून जो देश दिसतो, तो कारभारीनं काचेला नाक लावून पाहिला. काळा होता.

सुचितानं दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि भात शिजवायचं विजेचं भांडं बांधून घेतलं होतं. ती देऊळगाव राजाची, कापडवाल्यांची मुलगी. ऑफिसातल्या मैत्रिणींना तिनं बेटाचं सांगितलं होतं, भांड्याचं सांगितलं नव्हतं.

"आई, हॉटेलात नाश्ता असतो," ती बोटीत पुष्पाबाईला म्हणाली. "पण आपण जे घेतलंय ना, त्यात तो नाही."

"त्यात काय हाय मंग?"

"खोली आहे." सुचितानं थोडा विचार केला. "आणि पंखा."

खोली मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानावर निघाली. चौघांत एकच. पुष्पाबाईचं लुगडं मधे दोरीवर टाकून दोन संसार वेगळे केले. खालून ऑइलचा वास येई आणि कुणीतरी सारखं इंजिन रेटून पाही. कारभारीला सोनाळ्याच्या बसस्टँडवर बिऱ्हाड केल्यासारखं वाटलं. समुद्र कुठं आहे असं त्यानं विचारलं, तेव्हा राजकुमारनं समोरच्या उंच भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे मोठं हॉटेल, हॉटेलपलीकडे समुद्र. भिंतीच्या कडेनं, सांडपाण्याची नाली धरून एक पायवाट गेली होती.

"ही पब्लिकची वाट," राजकुमार म्हणाला. "एकदम फुकट."

फुकट हा शब्द त्यानं अशा भक्तीनं उच्चारला, की कारभारीला नारायणरावांच्या तोंडचं रामेश्वर आठवलं.

बापासाठी त्यानं अर्धी चड्डी आणली होती. तिच्यावर हिरवे पोपट होते. जन्मभर धोतरात राहिलेले कारभारीचे पाय पहिल्यांदाच दुपारच्या उजेडात आले आणि तो स्वतःच त्यांच्याकडे बघत राहिला.

"कसा दिसून राह्यलो?" त्यानं बायकोला विचारलं.

"मुळे उपटल्यावानी," पुष्पाबाई म्हणाली.

नालीच्या कडेनं चौघं वाळूवर आले. मोठ्या हॉटेलनं आपल्या पाहुण्यांसाठी आरामखुर्च्या मांडल्या होत्या. एक रिकामी दिसली. "बाबा, बसा पटकन," राजकुमार म्हणाला. "काळा चष्मा लावा. हसू नका. आरामात आहोत असं दाखवा." कारभारीनं दाखवलं. त्याला ते जड गेलं, कारण आराम त्यानं पूर्वी कधी करून पाहिला नव्हता. फोटो निघतो न निघतो तोच गणवेशातला एक माणूस आला, कमरेत वाकला आणि अतिशय गोड हसून त्यानं कारभारीला खुर्चीवरून उठवलं. इतक्या आदरानं कारभारीला आजवर कुणी हाकललं नव्हतं. पण तोवर फोटो गावाच्या ग्रुपवर पोचला होता. खाली राजकुमारनं लिहिलं होतं, 'बाबा त्यांच्या आवडत्या जागी.'

गाव हललं. हात जोडलेली, फुलं उधळणारी चित्रं येऊ लागली. कुणी विचारलं, बंगला मागं आहे का? नारायणरावांनी बऱ्याच वेळानं एक अंगठा पाठवला. कारभारीनं तो अंगठा सगळ्यांना दाखवला, आणि मग एकट्यानं पुन्हा पाहिला.

"चाल आता, सुपाऱ्या घे," संध्याकाळी तो बायकोला म्हणाला. "डुबक्या उरकून घेऊ."

ते पाण्याकडे गेले, तर समुद्र नव्हता.

जिथं दुपारी पाणी होतं, तिथं आता राखी चिखल पसरला होता. होड्या कुशीवर पडल्या होत्या, खेकडे तिरपे पळत होते, आणि पार दूर, शेताचा बांध दिसावा तशी, आभाळाच्या धुऱ्याशी पाण्याची एक बारीक रेघ चमकत होती. कारभारी हातात फडकं घेऊन उभा राहिला. पाटाच्या पाण्यावरून झालेली भांडणं पाहिलेला आणि विजेच्या पाळीप्रमाणे मोटार लावणारा माणूस तो. त्याला एकच कारण सुचलं.

"राजकुमार, पाणी कधी सोडतात?"

"कोण सोडणार बाबा? ओहोटी आहे."

"तसं नाही रे. आपण स्वस्तातलं घेतलं ना. मोठ्या हॉटेलवाल्यायची पाळी आधी असन."

राजकुमार हसला नाही. तो मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होता. या बाजूच्या खोल्या इतक्या स्वस्त का मिळतात, हे त्याच्या आता वाचनात येत होतं.

"पहाटे भरती आहे," सुचिता म्हणाली. "तेव्हा सगळं पाणी येईल. उद्या दुपारी आपली परतीची बोट. त्याआधी होऊन जाईल."

म्हणजे गावभराच्या पापांना ती एकच पहाट उरली होती.

पहाटे समुद्र आलेला होता. अगदी नालीच्या तोंडापर्यंत आला होता. कुणी रातोरात निळा गहू पेरून जावा, आणि उजाडता उजाडता तो वाऱ्यावर लवू लागावा, तसं ते पाणी दिसत होतं. त्याला बांध नव्हता, धुरा नव्हता, आणि कुणाचं कुठपर्यंत असं विचारायची सोय नव्हती. पुष्पाबाई नुसती बघत राहिली. एवढ्या मोठ्या रानाचा कुणी मालक नाही, याचं तिला बरं वाटलं.

कारभारी पोपटांसह पाण्यात शिरला. घोट्याएवढ्या पाण्यात तो नारायणरावांचा विचार करत होता. पोटरीएवढ्या पाण्यात त्यानं रुक्मिणीबाईचं नाव घ्यायला तोंड उघडलं. गुडघ्याएवढ्या पाण्यात लाट आली, फुटली, आणि परत जाताना तिनं त्याच्या टाचांखालची वाळू ओढून नेली. पायाखालची वाळू सरकते हे कारभारीनं आजवर बोलण्यात ऐकलं होतं. ती खरोखरच सरकते, आणि सरकताना तळव्यांना गुदगुल्या होतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो वळला. एकदा वांग्याच्या रानात रानडुक्कर मागं लागलं होतं, तेव्हाही तो इतका पळाला नव्हता.

"गुडघा धरला," वाळूत बसून तो म्हणाला.

"कोनता?" पुष्पाबाईनं विचारलं.

कारभारीनं दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं. "हा."

राजकुमार जवळ आला. "बाबा, झालं ते बरंच झालं. इथं मोठ्यानं नावं घेऊन डुबक्या मारायच्या म्हणजे लोक बघतात, व्हिडिओ काढतात. माझ्या ऑफिसातलं कोणी असलं तर? सुपाऱ्या एकदम टाकून द्या ना हळूच. गावातून कोण बघतंय?"

भीतीला शिकलेल्या माणसाचा आधार मिळाला, की तिला शहाणपणा म्हणता येतं. कारभारीनं मान डोलावली. "हाव, एकदमच टाकू. कोनाची कोनती ते देवाले समजते."

पुष्पाबाईनं लुगड्याचा काष्टा आवळला, फडकं उचललं आणि चालू लागली.

"आई, कुठं चाललीस?"

"शब्द देल्ला होता ना ह्यायनं," ती मागं न पाहता म्हणाली. "घरातल्या एखाद्यानं तं पाळा लागन."

कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिनं पहिली सुपारी सोडली. "रुक्मिणीबाई!" अशी आरोळी दिली आणि बुडी मारली. आवाज या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या माणसाला बोलावायचा होता. किनाऱ्यावरचे सगळे पाहुणे वळले. मोबाइल वर झाले. राजकुमारनं तोंड गुडघ्यांत घातलं, जणू ही बाई कुण्या दुसऱ्या देशातून आली असावी. एक मलय बाई डोक्याला रुमाल बांधून, पायघोळ कपड्यांत लेकरं घेऊन पाण्यात उतरली होती. मोठी लाट आली तेव्हा तिनं पुष्पाबाईचा दंड धरला. अंगभर कपडे घालून समुद्रात शिरलेल्या त्या दोघीच होत्या. ओळख व्हायला तेवढं पुरलं. मग ती बाई धरून राहिली आणि पुष्पाबाई एकेक नाव घेऊन बुडत राहिली. "उकंडरावचा बैल!" अशी हाक आली, तेव्हा त्या लेकरांना ते शब्द इतके आवडले, की तीही आपल्या जिभेनं तसंच काहीतरी ओरडून पाण्यात बुड्या मारू लागली.

शेवटी बाटलीत तीर्थ भरून पुष्पाबाई बाहेर आली. लुगड्यातून पाणी गळत होतं, डोळे लाल झाले होते.

"लय खारं," ती म्हणाली. "आपल्यापेक्षाबी."

महिना सरून गावी परतायच्या दिवशी सुचितानं सांगितलं, बाटली मोठ्या बॅगेत टाका, हातात नेऊ देत नाहीत. पण मोठ्या बॅगेत चपला होत्या, आणि विमानाच्या पोटात त्या बॅगेवर परक्यांच्या बॅगा पडणार होत्या.

"तीर्थ उशाशी ठेवतात," कारभारी म्हणाला. "चपलांपाशी नाही." त्यानं बाटली खांद्याच्या पिशवीत ठेवली.

विमानतळावर तपासणीच्या टेबलाशी एका मुलीनं ती बाटली वर धरून हलवली. तळाशी वाळू फिरली. कारभारीनं हात जोडले, "गंगा, गंगा" म्हणाला, आकाशाकडे बोट केलं. मुलीनं मान हलवली. बाटली टोपलीत पडली, शांपूच्या आणि अत्तरांच्या बाटल्यांवर.

"जाऊ द्या," पुष्पाबाई म्हणाली. "गावात सांगू, आणू देल्लं नाही म्हनून. डुबक्या तं झाल्या ना."

पण कारभारीला वेस दिसत होती. तीर्थाशिवाय मावंदं म्हणजे वांग्याशिवाय रोडगे. मुंबईपर्यंत विमानात आणि पुढं रेल्वेतही तो ती रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसला. शेगावला उतरल्यावर बायकोला सामानापाशी बसवून तो बाहेर गेला. एक तांब्याचा गडू घेतला आणि एक सीलबंद पाण्याची बाटली.

त्यानं हे घाईत केलं असं कुणी समजू नये. त्यानं विचार केला, आणि मनापासून केला. गावभराच्या तळहातावर पडायचं पाणी, ते चांगलं हवं. स्वच्छ हवं, थंड हवं, गोड हवं. खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला पाण्याची यापलीकडे थोरवी ठाऊक नसते. त्यानं सील फोडलं, बाटली गडूत रिकामी केली आणि वर फडकं बांधलं.

"हे काय?" पुष्पाबाईनं विचारलं.

"थोडं दुसऱ्या बाटलीत होतं. खिशात."

"खिशात," पुष्पाबाई म्हणाली. पुढं तिनं विचारलं नाही. संसार फार जुना झाला, की नवऱ्याचं खोटं ओळखीच्या पाहुण्यासारखं होतं. त्याला पाणी द्यायचं आणि जाऊ द्यायचं.

वेशीवर सगळं गाव लोटलं होतं. खुर्चीतल्या फोटोनं आपलं काम केलं होतं. टाळ वाजत होते, गुलाल उडत होता, आणि ज्यांनी सुपाऱ्या दिल्या होत्या ते पुढच्या रांगेत उभे होते. कारभारीला पाटावर बसवलं. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, मांडीवर गडू. मागं पुष्पाबाई उभी होती. समोर परात आली, आणि रुक्मिणीबाई हातात तांब्या घेऊन कशीबशी खाली बसली.

उजव्या पायावर पाण्याची धार पडली. म्हातारीच्या खरबरीत बोटांनी टाच चोळली, बोटं चोळली, अंगठ्यावर कुंकू लावलं. कारभारीचे डोळे आपोआप मिटले. गर्दीच्या कडेला नारायणराव उपरणं सावरत उभे होते, आणि आज त्यांच्यासाठी सरकून जागा देणारं कुणी नव्हतं.

उजवा पाय झाला की धुणारीच्या हातावर पहिलं तीर्थ टाकायचं, आणि मग डावा पाय, अशी गावची पद्धत. कारभारीनं फडकं सोडलं, गडू वाकवला. रुक्मिणीबाईनं ते तोंडात घेतलं. गिळलं नाही. तोंडातल्या तोंडात घोळवत बसली. टाळ हळूहळू थांबले.

"कारभारी," ती म्हणाली, "हे कोनत्या समुद्राचं हाय बापा?"

"परदेशातल्या. लय मोठा हाय."

"गोड हाय."

"अं?"

"गोड हाय. साखरेवानी."

नारायणराव गर्दीतून कसे पुढं आले ते कुणाला दिसलं नाही. त्यांनी हात पुढं केला, चाखलं, जीभ टाळूला लावून मोठा आवाज केला. "हे तं शिलबंद बाटलीचं हाय! ठेसनावरचं!" आनंदानं त्यांचा आवाज पोराचा झाला होता. "समुद्र म्हनून गावाले बाटलीचं पाजून राह्यला!"

हसू आधी मागच्या रांगेतून आलं आणि मग सगळीकडून आलं. पुष्पाबाई वाकली, आणि फक्त कारभारीला ऐकू जाईल असं म्हणाली, "खोटंच भरायचं होतं तं घरच्या बोअरीचं भरायचं होतं. कोनाले समजलं असतं?"

हे कारभारीच्या डोक्यात या क्षणापर्यंत आलं नव्हतं. आता आलं, आणि तो पाटावर बसल्या जागी लहान होत गेला.

"तू कायले उड्या मारून राह्यला नारायण?" रुक्मिणीबाईनं मान वर केली. "तुह्या रामेश्वरच्या तीर्थाले शाळेजवळच्या हापशीची चव होती. मी म्हटलं, समुद्रबी खारा अन् हापशीबी खारी. मानूस थकून आला हाय, जाऊ दे."

आता जे हसू उठलं ते वेगळं होतं. नारायणरावांनी उपरणं झटकलं आणि पाऊस येतो का ते पाहिल्यासारखं आभाळाकडे पाहिलं. आभाळात काही नव्हतं.

"पाण्याचं मरू द्या," म्हातारी म्हणाली. तिनं कारभारीचा डावा पाय घोट्याशी धरला होता. "माह्या नावाची डुबकी मारली का नाही, ते सांग. खरं सांग."

पाण्याला चव असते, डुबकीला नसते. 'मारली' एवढं म्हटलं असतं तर कुणी पडताळायला बेटावर जाणार नव्हतं. मागं उभी असलेली बाई बोलणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. डावा पाय परातीच्या काठावर टेकला होता, तांब्या तिरपा झाला होता. आयुष्यभर मागितलेली गोष्ट अर्धी झाली होती आणि अर्धी बाकी होती. पुढच्या रांगेत सुपाऱ्यावाले वाट पाहत उभे होते. उकंडराव तर बैलासकट आला होता.

"मारली," कारभारी म्हणाला. मग त्यानं मागं बायकोकडे बोट केलं. "हिनं मारली. सगळ्यायच्या हिनंच मारल्या, नावं घेऊ घेऊ. मी गुडघ्याएवढ्या पाण्यातून पळून आलो."

रुक्मिणीबाईनं त्याचा पाय सोडला. रागानं नाही. धुवायचा नव्हता म्हणून खाली धुळीत ठेवला, एवढंच. मग परात ओढत तिनं पुष्पाबाईपुढं नेली. "पुष्पे, बस."

"मावशी, माह्ये कायले..."

"बस म्हनते ना!"

पुष्पाबाई पाटावर बसली. कारभारीला उठावं लागलं.

"वहिनी, बैलाचीबी मारली?" उकंडरावानं मागून विचारलं.

"मारली भाऊ. खाज गेली का?"

"थोडी."

"माह्या नावाची तं नसन," नारायणराव आभाळ सोडून खाली आले. "मी सुपारीच देल्ली नव्हती."

"तुमचीबी मारली भाऊजी. बिनसुपारीची. म्हटलं, मानूस लाजत असन मागाले."

रुक्मिणीबाई पुष्पाबाईची टाच चोळता चोळता थांबली. "अन् तुह्यी? तुह्या नावाची मारली का?"

"माही कायले मावशी?" पुष्पाबाई म्हणाली. "पाप तं तुम्हा लोकायचं होतं."

यावर पुढच्या रांगेनं एकमेकांकडे पाहिलं. मग बायका हसल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या. तेवढ्यात पोरांनी गडू पळवला होता. समुद्र खोटा असो की खरा, पाणी गोड होतं. त्यांनी ते दोन-दोनदा हात पुढं करून संपवलं आणि गडू उपडा करून पाहिला.

तांब्या धरायला कुणी नव्हतं. कारभारीनं तो उचलला. उजव्या पायावर कुंकू, डावा पाय धुळीचा, असा तो वाकला आणि बायकोच्या पायांवर पाणी घालू लागला. कधी घातलेलं नसल्यानं ते भसकन पडलं.

"धार बारीक धर ना बे," रुक्मिणीबाई त्याच्यावर खेकसली. "पंगतीलेबी पानी लागन का नाही?"